मेजरांनी न ऐकलेला आवाज

"वडिलांचं शौर्यपदक चोरीला गेलंय आणि चोर बाहेर सोफ्यावर बसलाय," मेजरांचा मुलगा म्हणाला. "पोलिसांना बोलवायच्या आधी तुम्ही एकदा बघावं, एवढंच आईचं म्हणणं."

खाजगी तपास करणाऱ्या वहिनींनी मान डोलावली. सोबत नेहमीप्रमाणे त्यांचा धाकटा दीर होता. वहिनी त्याला भाऊजी म्हणत. तपासात त्याचं काम पिशवी धरायचं आणि चुकीच्या माणसावर संशय घ्यायचं.

मेजर खिडकीपाशी आरामखुर्चीत बसले होते. पदकाचं काचेचं कपाट त्यांच्या उजव्या हाताशीच होतं.

"दुपारभर बाबा इथेच होते," मुलगा म्हणाला. "त्यांना काही ऐकू आलं नाही. पुलावरच्या लढाईत त्यांचा डावा कान गेला."

वहिनींनी कपाट उघडलं. बिजागरी अशी करकरली की भाऊजी दचकला. मग त्या मेजरांच्या उजवीकडून अगदी हळू म्हणाल्या, "खिडकीतून छान वारा येतो."

"संध्याकाळी जास्त येतो," मेजर म्हणाले.

जावई व्हरांड्यात भेटला. "मी पदक संग्रहालयासाठी मागितलं होतं. सासऱ्यांनी साफ नाही म्हटलं. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे."

भाऊजीची खात्री पटली. हाच तो.

सोफ्यावरचे म्हातारे पाहुणे मेजरांच्या तुकडीतले वायरलेसवाले. कोट घालून, एक हात छातीवर ठेवून बसलेले. समोर चहाचा रिकामा कप.

"चहा मिळेल का?" त्यांनी विचारलं. "सकाळपासून घोटभर नाही. आणि कॅप्टनसाहेबांना म्हणावं, खिडकीपासून लांब बसा."

वहिनींनी स्वतः चहा आणून दिला. मग मेजरांना आणि मुलाला आतल्या खोलीत नेलं.

"मेजरसाहेब, तुम्ही कपाटाचा आवाज ऐकलात आणि लपवलात. अबोला धरलेल्या जावयासाठी तुम्ही खोटं बोलला नसता. पाहुण्यांची झडतीही तुम्हीच घेऊ दिली नसणार."

"नाहीच दिली," मुलगा म्हणाला.

"त्यांना आत्ता प्यायलेला चहा आठवत नाही. तुम्ही मेजर झालात हेही नाही. त्यांच्यासाठी अजून लढाई चालू आहे. पदक त्यांच्या हाताखाली, कोटाच्या आतल्या खिशात आहे. चोरलेलं नाही, सांभाळलेलं."

मेजरांनी दार लोटून घेतलं.

"पुलावर गोळीबार सुरू झाला आणि पोरं जमिनीला चिकटली," ते म्हणाले. "मी उभा राहिलो. या खड्ड्यातून त्या खड्ड्याकडे चालत गेलो, एकेकाला नावानं हाक मारली. पोरं उठली, पूल राखला. त्याचं पदक मिळालं. पण पाठीवर वायरलेस घेऊन हा माझ्यामागे चालत होता. त्याला कोणी हुकूम दिला नव्हता. आज कपाट उघडून म्हणाला, 'शत्रू जवळ आलाय, हे माझ्याकडे राहू द्या.' मी म्हटलं, ठेव."

"मला का नाही सांगितलंत, बाबा?"

"त्याच्या घरी कळलं, तर त्याला एकट्याला बाहेर सोडणार नाहीत. माझ्याकडे येणारा तेवढाच उरलाय."

मुलाची मान खाली गेली. भाऊजीनं उगाचच पिशवीचा बंद आवळला.

"यापुढे मी त्यांना घरून घेऊन येईन आणि परत सोडेन," मुलगा अखेर म्हणाला.

तो बाहेर गेला आणि सोफ्यावर बसला. म्हाताऱ्यानं त्याला निरखून पाहिलं. "तू कुठल्या तुकडीतला?"

मुलानं क्षणभर दाराकडे, वडिलांकडे पाहिलं.

"तुमच्याच," तो म्हणाला.