जात्याची वरची तळी

गाडीच्या घुंगरांचा आवाज आला, तेव्हा सगुणा उकिरड्यात गुडघाभर रुतून उभी होती. ओचा भरलेला, पदराखाली मोडक्या उलथण्याचा दांडा... आणि लपायला आजूबाजूला एक झुडूपसुद्धा नाही.

गाडी तिच्यासमोरच थांबली. गाडीवान चोविशी-पंचविशीचा असेल. डोक्याला लाल मुंडासं, आणि डोळे असे, की आधी हसायचे अन् मग बघायचे.

“काय हुडकताय?”

“कोंबडी.”

“हितं?”

“हितंच. खुडूक बसलीया मेली कुठंतरी.”

“असं व्हय...” त्यानं मान तिरपी करून तिच्या पदराकडं पाहिलं. “आन् कोंबडीला दांडा कवा फुटला?”

सगुणाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. “तुमाला काय करायचंय? आपला रस्ता धरा की.”

“रस्ताच इचारायला थांबलो. रखमाजीचं घर कुठं हाय? सामान न्यायचंय त्यांचं, सारोळ्याला.”

रखमाजी म्हणजे सगुणाचे आबा. घर पलीकडच्याच आळीत, हाकेच्या अंतरावर. पण सगुणानं हात लांब केला आणि गावाचं पार दुसरं टोक दाखवलं. “तिकडं. वाघजाईच्या देवळाच्या पल्याड.”

गाडी वळली. सगुणा ओचा सावरत धावत घरी आली, पाय धुतले, तोंड धुतलं, केस चापून बसवले, आणि जणू सकाळपासून तिथंच उभी आहे अशी दारात उभी राहिली. बऱ्याच वेळानं घुंगरं पुन्हा वाजली. गाडीवान उतरला, आबांना रामराम केला, नाव सांगितलं, कुंडलिक, शिवऱ्याचा. मग दोर सोडायच्या निमित्तानं तिच्या जवळून जाताना हळूच म्हणाला,

“देवळाच्या पल्याड नुसती करवंदीची जाळी हाय. पन बैलांचं पानी पिऊन झालं... कोंबडी घावली का?”

सगुणानं ओठ दाबले. वीस वर्षांची घोडी झालेली बाई, आणि पहिल्या भेटीत परक्या पुरुषाला काय दिसावं, तर ती उकिरडा उपसताना!

पण ती तरी काय करणार? भाटघरला धरणाची नवी भिंत चढत होती. वेळवंडीचं पाणी मागं सरकत येणार आणि कुंबळवाडी त्याखाली जाणार, हे गावाला केव्हाचं माहीत होतं. माहीत असणं वेगळं आणि घर रिकामं करणं वेगळं. सारोळ्याला नवी जागा मिळाली होती, पण झोपडी लहान आणि गाडी एकच. आबांनी सांगून टाकलं होतं, “लागंल तेवढंच घ्यायचं. बाकी हितंच ऱ्हाईल.” साळूबाई आत्या खास वेल्ह्याहून मदतीला आली होती आणि तिची मदत म्हणजे एकेक वस्तू उचलून दाराबाहेर भिरकावणं.

“ह्ये उलथनं कशाला? मोडलंय की.”

“आईचं हाय, आत्या.”

“ह्यो करंडा? झाकन कुठंय त्याचं?”

“आईचा...”

“अगं पोरी, वैनी जाऊन दोन वर्सं झाली. तिच्या आजारपनात तुजं लगीन ऱ्हायलं, आता तिच्या फुटक्या करंड्यापायी ऱ्हाणार हाईस का?”

सगुणा गप्प बसायची आणि पहाट झाली की उकिरड्यावर जाऊन टाकलेलं परत उचलून आणायची. आपण करतो ते वेडेपणाचं आहे हे तिलाही कळत होतं. लाजही वाटत होती. पण एखादी वस्तू टाकायला हात उचलला, की आईच तोंड वर करून बघते आहे असं वाटायचं.

आणि सगळ्यांत वाईट म्हणजे जातं. आबा म्हणाले, “जातं ऱ्हाऊ दे. भोरात नवं घिऊ.” ते असं तोंड फिरवून म्हणाले, की सगुणाला पुढं बोलताच आलं नाही. त्या जात्यावर आई पहाटे दळायची आणि सगुणा तिच्या मांडीवर डोकं ठेवून पीठ पडताना बघायची. मांडी हलायची, ओवी हलायची, झोप हलायची.

कुंडलिकानं सगळी सकाळ गाडी भरण्यात घालवली. ज्यानं बैलगाडी हाकली नाही त्याला वाटतं, सामान कोंबलं की झालं. तसं नसतं. पुढं ओझं जास्त झालं तर बैलांच्या मानेवर दाब येतो. मागं जास्त झालं तर गाडी उलाळ होते, म्हणजे मागं कलंडते, जू वर उचललं जातं आणि गळ्यातल्या पट्ट्यानं बैलाचा गळा आवळतो. म्हणून चांगला गाडीवान कणगी इथं, हंडा तिथं असं तोलून तोलून बसवतो आणि दोरानं आवळतो.

तो बैलांना पाण्यावर घेऊन गेला, आबा देव काढायला देवळीपाशी बसले, आत्या शेजारणीचा निरोप घ्यायला गेली. तेवढ्यात सगुणानं जात्याची वरची तळी, म्हणजे फिरणारा दगड, उचलली. खालची जमिनीत रोवलेली होती, ती काही हलेना. वरची पोटाशी धरून, धापा टाकत तिनं गाडीत टाकली, बैलांच्या वैरणीखाली ढकलली आणि वर कडबा सारखा केला. अर्ध्या जात्यानं दळता येत नाही, हे तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

गाडी निघाली. आबा आणि आत्या पुढं चालत होते. सगुणा गाडीच्या चाकाशी.

“बसा की गाडीत,” कुंडलिक म्हणाला.

“नको. बैलांना वजं हुईल.”

“बैलांची एवढी काळजी? अशी पोरगी पैल्यांदाच बघतोय.” तो खरंच खूश होऊन म्हणाला. “ह्यो खैऱ्या, त्यो चांद्या. खैऱ्या आमच्या घरच्या गायीचा. माझ्या हाताखाली वाढलाय.”

खैऱ्यानं तिच्याकडं डोळा वळवून बघितलं. सगुणानं मान दुसरीकडं फिरवली.

भोर मागं पडलं आणि एक उभा चढ लागला. न बांधलेली तळी कडब्याखालून हळूहळू मागं घसरत होती, हे कुणालाच दिसत नव्हतं. चढाच्या मध्यावर ती धाडदिशी मागच्या फळीवर आदळली. गाडी उलाळ झाली. जू वर गेलं, खैऱ्याचा गळा आवळला, त्याचे खूर सटकले आणि जू खाली येताना तो गुडघ्यावर दगडात आपटला.

मग एकच गडबड. कुंडलिकानं पट्टे सोडले, बैलाला सावरलं आणि गाडी मोकळी करायला कडबा ओढला... आणि थांबला. हात तळीवर तसाच राहिला. त्यानं मान वर करून सगुणाकडं पाहिलं. त्या डोळ्यांत या वेळी हसू नव्हतं. सगुणाचे डोळे जमिनीला खिळले.

“काय झालं रं?” आबा वरून ओरडत आले. “बैल हाकतोस का झोपा काढतोस? पोराबाळांचं सामान घिऊन निघतोस, आन् भरता येत न्हाई गाडी?”

आता सांगावं... आता सांगावं...

कुंडलिकानं कडबा परत तळीवर सारला. “चुकलं मामा,” तो म्हणाला. “सामान नीट आवळलं न्हाई म्या.”

शेजारच्या शेतातून बैल मागून घेतला आणि गाडी सारोळ्याला पोचली. उतरवताना कुंडलिकानं ती तळी पोत्यात घालून झोपडीमागं नेऊन ठेवली आणि इतकंच म्हणाला, “ह्ये तुमचं वजं. संबाळा.”

त्या रात्री सगुणाला भाकरी गेली नाही.

खैऱ्या शिवऱ्यापर्यंत चालण्यासारखा नव्हता. सारोळ्यातल्या गेनू पाटलाच्या गोठ्यात त्याला बांधलं आणि कुंडलिक मधूनमधून चालत येऊन त्याला बघून जायचा. सगुणा रोज जायची. आंबेहळद दगडावर उगाळून, गरम करून गुडघ्यावर लेप लावायची. पहिल्यांदा ते दोघं गोठ्यात समोरासमोर आले, तेव्हा ती लेपाची वाटी घेऊन उलट्या पावली पळाली. दुसऱ्यांदा पळाली नाही.

“माझ्यापरास बैल सुखी हाय,” कुंडलिक एक दिवस म्हणाला. “लेप काय, गूळ काय...”

“तुमचा गुडगा फुटला तर तुमाला बी लावीन.”

“मंग फोडून घ्यावा म्हनतो.”

ती हसली, आणि हसल्याचीच तिला लाज वाटली. कुणाच्या जिवावर हसतेयस सगुणे? खैऱ्यानं गुळाच्या आशेनं तिच्या तळहातावर जीभ फिरवली, खरखरीत.

“तुमी...” ती बैलाकडं बघूनच बोलली. “तुमी आबांना सांगितलं का न्हाई?”

“तुमच्या पदराखाली काय असतं, ते म्या कशाला सांगू?”

“त्या दिशी माझी... म्या...”

“ऱ्हाऊ द्या.” तो खैऱ्याचे कान खाजवत राहिला. मग म्हणाला, “आई म्हनती, सोयरीक घालावी कुठंतरी. म्या म्हनलं, घालायची तिथं घालायला तोंड न्हाई आपल्याला.”

वाटीतला लेप थंड झाला.

घरी आली तर आत्या वेल्ह्याला परत निघायच्या तयारीत होती आणि बांधाबांध करता करता बोलत होती. “त्या शिवऱ्याच्या पोराचं बी नशीब बघ. कुंबळवाडीची सगळी घरं त्याच्याच गाडीनं निघनार व्हती. दुसरा बैल मागून जुपायला तयार हाय त्यो, पन आता एक जन बोलवीना. तुझा बापच सांगत सुटलाय, त्याला गाडी भरता येत न्हाई म्हनून.”

आता सगुणाला कळलं. म्हणजे दोन महिने तो मोकळ्या हातानं येत-जात होता. एका शब्दानं तो सुटला असता, आणि तो शब्द तिच्यापाशी, झोपडीमागं पोत्यात.

बाहेर ओट्यावर आबांपाशी सावळाराम आणि कुंबळवाडीची आणखी दोन माणसं येऊन बसली होती. पुढल्या आठवड्यात त्यांना निघायचं होतं.

“गाडी कुनाची करावी, रखमाजी?”

“कुनाची बी करा. त्या कुंडलिकाची तेवढी...”

आबांचं वाक्य तिथंच राहिलं. कारण झोपडीमागून गडगड आवाज आला. सगुणा दगडाची तळी चाकासारखी उभी घरंगळवत आणत होती. पदर खांद्यावरून ओघळलेला, कपाळावर घाम. तळी ओट्यापुढं आली, स्वतःभोवती डगमगली आणि आडवी पडली.

“आबा, बैल ह्या दगडानं पडला. म्या लपवला व्हता कडब्याखाली. त्यानं बघितलं, आन् माझ्यासाठनं तुमची बोलनी खाल्ली. गाडी त्यानं चांगली भरली व्हती. खोटी म्या हाय.”

चार माणसांत एवढं बोलायची तिला आयुष्यात सवय नव्हती. धरणाचं पाणी आत्ताच यावं आणि आपल्या डोक्यावरून जावं, असं तिला वाटलं.

आबा तळीकडं बघत राहिले. मग उठले, वाकून आत गेले. आता काठी आणतात की काय, असं वाटून आत्या दारात आडवी उभी राहिली. आबा बाहेर आले, तेव्हा त्यांच्या हातात जुना फेटा होता. त्यांनी तो उलगडला. आत गुळगुळीत झालेला, हाताच्या घामानं काळा पडलेला एक लाकडी दांडका होता.

जात्याचा खुंटा.

“सगळ्यांस्नी म्हनलो टाका,” आबा म्हणाले. “आन् म्या ह्यो... फेट्यात गुंडाळून आनला. तुला सांगायला लाज वाटली, पोरी.” खाली बसून त्यांनी खुंटा तळीच्या भोकात घातला. बसला, नेहमीसारखा, घट्ट. मग ते सावळारामकडं वळले. “गाडी कुंडलिकाचीच करा. आन् उद्या म्या सोता जातो शिवऱ्याला. त्या पोराचे पाय धरायला पायजेत.”

“आन् सोयरिकीचं बी काढा,” आत्या दारातून म्हणाली. “दोगांची थोबाडं बगून बैलाला बी कळलंय, तुमालाच कळंना.”

सगुणा आत पळाली.

चौथ्या दिवशी कुंडलिक आला. खैऱ्या आता लंगडत का होईना, नीरेपर्यंत चालत जायचा. दोघं त्याच्या दोन बाजूंनी नदीवर गेली. बैल पाण्यात उतरला आणि मधला आडोसा गेला.

“मामा आलते,” तो म्हणाला. “माझ्या आईसमोर रडले.”

“म्या बी रडायला पायजे तुमच्यासमोर.”

“नको. मला न्हाई बघवायचं. सगुणा... पानी अजून तुमच्या उंबऱ्याला लागलं न्हाई. शेजाऱ्याचा बैल जुपून सावळारामाचं सामान आनायला जानारच हाय म्या. तुझ्या जात्याची खालची तळी खनून आनू का?”

तो पहिल्यांदाच तिला ‘तू’ म्हणाला होता. सगुणानं ते ऐकलं आणि मुद्दाम न ऐकल्यासारखं केलं.

नाही म्हणायला तिला वेळ लागला. डोळ्यांपुढं ती ओसरी आली, रिकामी, आणि मधोमध ती एकटी तळी, आईच्या मांडीजवळची.

“नको,” ती म्हणाली. “ऱ्हाऊ दे तिथं. आईला बी काय तरी पायजेच की.”

कुंडलिकानं पाण्यातला एक चपटा दगड उचलला आणि हातात फिरवत राहिला.

“मंग हळद कशी दळनार?” शेवटी त्यानं विचारलं.

“कुनाची हळद?”

“आपली.”

सगुणानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. “खाली नवी तळी घ्यायची, भोराच्या बाजारातनं. वर आईची. पन सांगून ठेवते... नवी आन् जुनी एकमेकींना घासून बसंपातूर लई दिस लागतात. तवर दळन जाडं येतं. भाकरी जाड हुतील.”

“मला जाडच आवडती.”

“खोटं बोलताय.”

“व्हय,” कुंडलिक म्हणाला, आणि त्याचे डोळे, पहिल्या दिवसासारखे, आधी हसले. “उकिरड्यावरच्या कोंबडीकडनं शिकलो.”

खैऱ्यानं अंग झाडलं. नीरेचं पाणी दोघांच्या अंगावर उडालं. सगुणानं तोंड पुसायला पदर वर केला, पण पुसलं नाही. पदराआडून ती नुसतीच हसत राहिली, आणि या वेळी तिच्या पदराखाली लपवलेलं दुसरं काहीच नव्हतं.