सभासद क्रमांक ४१२ चे अभिप्राय

लोकमित्र वाचनालयात पुस्तक परत करायचं तर चिठ्ठी लागते. पुस्तक कसं वाटलं ते चार ओळींत लिहून आणायचं, नाहीतर पुढचं पुस्तक मिळत नाही. मंगळवेढ्यातल्या या वाचनालयाच्या संस्थापकांनी घातलेला हा नियम. तो मोडायची छाती पुढच्या एकाही कार्यकारिणीला झाली नाही. लोकांनी आधी कुरकुर केली, मग सवय झाली. ‘छान आहे’, ‘बरे आहे’, ‘शेवटची दोन पाने फाटली आहेत, खून कोणी केला ते कळवावे’ अशा चिठ्ठ्यांनी लोखंडी पेट्या भरत गेल्या.

दोन वर्षांपूर्वी काउंटरवर मतवेध आला. दिसायला पोळपाटाएवढी काळी पाटी. चिठ्ठी तिच्यावर ठेवली की ती अक्षर वाचायची आणि त्या वाचकाला पुढे काय रुचेल अशी तीन पुस्तकं सुचवायची. ग्रंथपाल ऋतुजा माळी आणि शिपाई तांबोळीमामा यांनी महिनाभर खपून जुन्या पेट्यांतल्या सगळ्या चिठ्ठ्या मतवेधला वाचायला दिल्या होत्या. त्यामुळे ज्याचं खातं तीस वर्षं जुनं, त्याची तीस वर्षांची मतं यंत्राला तोंडपाठ होती. लोक खूश होते. ज्यांना काय वाचावं ते कधीच कळत नव्हतं त्यांनाही आता यंत्र सांगत होतं, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगत होतं.

चिठ्ठ्या लिहाव्यात तर सभासद क्रमांक ४१२ नं. रमाकांत भोसेकर, पाटबंधारे खात्यातले निवृत्त अभियंते. त्यांच्या चिठ्ठ्या वाचायला लोक नोटीस बोर्डापाशी थांबायचे. एका गाजलेल्या कादंबरीवर त्यांनी लिहिलं होतं, ‘साठ पानं नुसतीच फोडणी तडतडते, भाजी कुठंय?’ एका पैलवानाच्या आत्मचरित्रावर, ‘गडी तालमीत खरा आणि घरात खोटा. आईच्या दुधाचं कौतुक पाच वेळा, बायकोचं नाव एकदाही नाही.’ ग्रहताऱ्यांवरच्या पुस्तकावर, ‘पहिल्यांदाच कुणीतरी मला अडाणी न समजता समजावलं.’ जिल्हा ग्रंथालय संघानं त्यांना तीनदा ‘आदर्श वाचक’ म्हणून शाल-श्रीफळ दिलं. ते ग्रंथनिवड समितीवर होते आणि शाळाशाळांतून ‘वाचन आणि जीवन’ या विषयावर भाषणं द्यायचे. भाषणं मात्र रटाळ असायची. ऋतुजाला त्याचं कोडं वाटे, पण लिहिणारा माणूस बोलायला कच्चा असतो अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती.

एका सोमवारी सकाळी मतवेधच्या पडद्यावर बंद सूचना आली. अशी सूचना फक्त ग्रंथपालाला उघडता येते. यंत्राचं हे दुसरं काम. सभासदाच्या अर्जावर त्यासाठी संमतीची सहीसुद्धा असते, पण खालचा बारीक मजकूर वाचतंय कोण? माणसाच्या लिहिण्याला त्याची अशी एक चाल असते. किती वेगवेगळे शब्द येतात, वाक्य किती लांब जाऊन नीट परत येतं, वस्तूला तिच्या नावानं हाक मारली जाते की ‘ते’ आणि ‘तसलं’ म्हणून वेळ भागवली जाते. या सगळ्याची मिळून भाषारेषा बनते. स्मृतीची झीज सुरू झाली की ही रेषा वाकते. माणूस घरचा रस्ता चुकायला लागतो त्याच्या चार-पाच वर्षं आधीच वाकते. सूचनेत एवढंच होतं: सभासद ४१२, रेषा अठरा महिन्यांपासून वाकलेली, प्रत्यक्ष भेटून कळवावे.

ऋतुजानं अलीकडच्या चिठ्ठ्या काढल्या. गेल्याच महिन्यात परत आलेल्या प्रवासवर्णनावर लिहिलं होतं, ‘चांगलं आहे. त्या माणसाचं ते फिरणं चांगलं आहे. तिथलं ते सगळं नीट सांगितलं आहे.’ रोज हातातून जाणाऱ्या चिठ्ठ्या, पण आपल्या हे लक्षात आलं नाही याचं तिला फार वाईट वाटलं.

दुपारी भोसेकर आले. तिनं त्यांना आतल्या खोलीत बसवून सगळं सांगितलं.

“मला तर काही जाणवत नाही,” ते म्हणाले.

“काका, पैलवानाच्या पुस्तकावर तुम्ही काय लिहिलं होतं, आठवतं? लोक अजून हसतात त्यावर.”

“कुठला पैलवान?”

ऋतुजानं मान खाली घातली. तिला जे पाहायचं होतं ते पाहून झालं होतं. दुसऱ्याच दिवशी भोसेकर तपासण्यांसाठी सोलापूरला गेले.

पुढच्या सोमवारी ते परत आले ते पेढ्यांचा पुडा घेऊनच. “घ्या तांबोळी, तोंड गोड करा. मेंदूचे फोटो काढले, रक्त तपासलं, शंभरातून सात सात उलटे मोजायला लावले. डॉक्टर म्हणाले, चाळिशीतल्या माणसाची स्मरणशक्ती आहे. माझ्या पहिल्या पोस्टिंगच्या बंधाऱ्याला किती दरवाजे होते तेही सांगितलं मी. आता तुमच्या या पोळपाटालाच एकदा दाखवून आणा डॉक्टरला.”

तांबोळीमामांनी पेढा तोंडात टाकला आणि यंत्राकडे बघून मान हलवली. ऋतुजाही हसली, पण तिचं हसणं अर्ध्यावर राहिलं. बंधाऱ्याचे दरवाजे आठवणाऱ्या माणसाला स्वतःची गाजलेली चिठ्ठी कशी आठवत नाही? तिनं मामांना मागच्या खोलीतली मासिकं लावायला पाठवलं.

“काका, तुम्ही ते पैलवानाचं पुस्तक वाचलंच नव्हतं ना?”

भोसेकर पुड्याचा दोरा बोटाला गुंडाळत राहिले.

“खातं माझ्या नावावर आहे,” ते हळूच म्हणाले. “वाचते ही. सुरुवातीला आईला तिनं दुपारचं वाचत बसलेलं खपायचं नाही, म्हणून मी माझ्यासाठी म्हणून पुस्तकं आणायचो. चिठ्ठी दिल्याशिवाय दुसरं मिळायचं नाही. मला दोन ओळी जमायच्या नाहीत, मग तीच लिहायची. पुढे लोक वाहवा करायला लागले, आणि मग सांगायचं राहूनच गेलं.”

“एकतीस वर्षं?”

“राहून गेलं,” ते पुन्हा म्हणाले.

“काका,” ऋतुजानं शक्य तितक्या हळू आवाजात विचारलं, “मग ही रेषा कुणाची वाकली?”

भोसेकरांना कळायला क्षणभर लागला. मग ते जवळच्या स्टुलावर बसले.

जिल्हा आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर खतीब यांना ऋतुजानं भोसेकरांसमोरच फोन लावला आणि सगळा प्रकार सांगितला. आवाज मोठा करून ठेवला, म्हणजे त्यांनाही ऐकू येईल. खतीब बाई समजावून सांगणाऱ्या होत्या. या टप्प्यावर झीज थांबवणारं औषध होतं. पण मात्रा कमी पडली तर उपयोग नाही, जास्त झाली तर उरलेलं बिघडतं. म्हणून दर महिन्याला रुग्णाकडून चार ओळी लिहून घ्यायच्या, त्या त्याच्याच जुन्या भाषेशी ताडून पाहायच्या आणि मात्रा ठरवायची. जुनं लिखाण जितकं जास्त, तितका नेम अचूक.

“आणि जुनं लिखाण नसलं तर?” ऋतुजानं विचारलं.

“तर अंदाजानं मात्रा देतो. निम्म्या लोकांना लागू पडते. बायकांच्या बाबतीत हा फार त्रास आहे. घरचा हिशेब लिहिलेला असतो, सह्या असतात, त्यापलीकडे नावावर काही लिहिलेलंच सापडत नाही. तुमच्याकडे किती आहे?”

“एक हजार आठशे चौसष्ट चिठ्ठ्या.”

“मग बाई नशीबवान आहेत. फक्त त्या त्यांच्या नावावर हव्यात. खातेदाराचं लेखी निवेदन पाठवा.”

भोसेकरांनी घसा साफ केला. “संयुक्त खातं म्हणून दाखवता येणार नाही का? दोघांचं मिळून?”

“दोघांचं म्हटलं की यंत्र दोन माणसांची भाषा एकत्र धरेल,” खतीब म्हणाल्या. “मग ती रेषा काहीच कामाची नाही. एकाची तरी म्हणा, नाहीतर दुसऱ्याची.”

फोन ठेवल्यावर भोसेकरांनी विचारलं, “जिल्हा संघाला कळेल?” ऋतुजा म्हणाली, कळेल; खातं दुरुस्त झालं की पुरस्काराची नोंदही दुरुस्त होणार. ते “उद्या येतो” म्हणून गेले.

मंगळवार गेला, बुधवार गेला. शुक्रवारी दुपारपर्यंत ते फिरकले नाहीत. ऋतुजाला आता त्यांची कीव येईना, राग येऊ लागला. चारचौघांत खाली बघावं लागेल म्हणून हा माणूस बायकोचं औषध अडवून धरतो म्हणजे काय? तिनं निवेदनाचा कागद पर्समध्ये घातला, मामांना काउंटरवर बसवलं आणि थेट भोसेकरांचं घर गाठलं.

शैलजाकाकू ओसरीवर सुपात ज्वारी निवडत होत्या. सत्तरी उलटलेली, पण हात चपळ. ऋतुजानं त्यांना एकदाच, वाचनालयाच्या वर्धापनदिनी, नवऱ्याच्या शेजारी बसलेलं पाहिलं होतं.

“ये, बैस. तू ती वाचनालयातली ना? ती… पुस्तकं देतेस ती.”

आतून भोसेकर आले. ऋतुजाला पाहून दारातच थबकले.

“काकू, मी तुमच्याच कामासाठी आले आहे,” ऋतुजा म्हणाली. आणि आडपडदा न ठेवता तिनं सांगून टाकलं: सूचना, सोलापूर, चिठ्ठ्या, औषध. काकूंनी सूप बाजूला ठेवलं आणि मध्ये एकदाही न बोलता ऐकून घेतलं.

“मला वाटतच होतं,” त्या म्हणाल्या. “दिवाळीत सोऱ्याचं नाव अर्धा तास आठवेना. सुनेला म्हटलं, ते चकलीचं पिळायचं आण. ती हसली, मीही हसले. रात्री मात्र रडले.” मग त्या नवऱ्याकडे वळल्या. “तुम्हाला कधी कळलं?”

“सोमवारी.”

“सोमवारचे पेढे कशाचे होते मग?”

भोसेकरांनी बाजूला ठेवलेलं सूप उचलून उगीच कोपऱ्यात सरकवलं.

“दोन खाल्ले मी,” काकू म्हणाल्या. “माझ्या चिठ्ठ्या माझ्या आहेत एवढं सांगायला तुम्हाला चार दिवस लागले?”

“लाज वाटली गं. शाळेतली पोरं काय म्हणतील, समितीवरचे लोक काय म्हणतील… मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.”

“लाज शाली घेताना वाटायला हवी होती. मी टाळ्या वाजवायला समोर बसले होते.” त्यांचा आवाज चढला नव्हता, पण डोळे भरले होते. “मला वाटायचं, नाव तुमचं असलं म्हणून काय झालं, म्हणणं तर माझंच लोक वाचतात. आता तेही माझ्या हातून निसटायला लागलंय. तेवढं तरी माझ्या नावावर राहू द्या.”

ऋतुजानं कागद पुढे केला. भोसेकरांनी चष्मा लावला. निवेदनात एक रकाना होता: ‘या खात्यावरील अभिप्रायांपैकी आपले स्वतःचे किती?’ त्यांनी शून्य काढलं, मग कंस करून अक्षरातही लिहिलं, आणि सही केली. काकूंनी कागद हातात घेऊन सावकाश वाचला.

“इतक्या वर्षांत तुम्ही लिहिलेली पहिली खरी चिठ्ठी,” त्या म्हणाल्या आणि कागद ऋतुजाकडे दिला. “गेलेलं परत येतं का गं औषधानं?”

“नाही काकू. जे आहे ते राहतं.”

“मग लवकर कर.”

त्या संध्याकाळी वाचनालयात परत येऊन ऋतुजानं सभासद क्रमांक ४१२ च्या पुढचं नाव बदललं. शैलजा रमाकांत भोसेकर. मतवेधनं एक हजार आठशे चौसष्ट चिठ्ठ्या नव्या नावाखाली घेतल्या, भाषारेषा आरोग्य केंद्राकडे गेली आणि खतीब बाईंनी सोमवारची वेळ दिली. भोसेकर मागोमाग येऊन थांबले होते. त्यांनी नवीन सभासदाचा अर्ज मागितला आणि नवखा माणूस उभा राहतो तसे कपाटांसमोर उभे राहिले. कुठून सुरुवात करावी ते त्यांना कळत नव्हतं. मतवेधलाही त्यांच्याबद्दल काही ठाऊक नव्हतं. शेवटी तांबोळीमामांनी त्यांना पैलवानाचं आत्मचरित्र काढून दिलं.

ते गेल्यावर ऋतुजानं यंत्राला एक साधी विचारणा केली. चालू खाती अकराशे चाळीस होती. त्यातली आठशे सहा पुरुषांच्या नावावर. ती त्या आकड्याकडे बघत बसली. नाना तऱ्हेच्या पुस्तकांवरच्या त्या हजारो चिठ्ठ्या: कुणी लोणच्याच्या पुस्तकाला नावं ठेवलेली, कुणी भूतकथा वाचून घाबरलेलं, कुणी पाऊण पानभर लेखकाशी भांडलेलं.

तेवढ्यात पडद्यावर नवी बंद सूचना आली. सभासद क्रमांक ८७७, हणमंत दत्तू इंगळे. रेषा सात महिन्यांपासून वाकलेली. प्रत्यक्ष भेटून कळवावे.

तिनं खात्यावरचा नंबर लावला. पलीकडून एका पुरुषाचा भारदस्त आवाज आला, “बोला, इंगळे बोलतोय.”

भेटायला बोलावण्याचे ठरलेले शब्द ऋतुजाच्या ओठांवर आले होते. ते तिनं गिळले.

“नमस्कार, वाचनालयातून बोलतेय,” ती म्हणाली. “तुमच्या घरात पुस्तकं कोण वाचतं?”