होजावो कुठाय?

जवळ सरका पोरांनो, शेकोटी विझली तरी चालेल. होजावोचं सांगतो. माझ्या मेहुण्याचा शेजारी तो. खोटं बोलायचं त्याला काही कारण नाही.

गेल्या सालची बावीस जुलैची रात्र. दुसऱ्या दिवशी लढाईत गेलेल्यांची आठवण काढायची, म्हणून गाव लवकर निजलेलं. होजावोच्या बायकोला, एडनाला, कळा सुरू झाल्या. पहिलटकरीण. पलीकडच्या गावातल्या नर्सबाईला आणायला तो निघाला. सासू म्हणाली, "जावईबापू, सुपारी चघळत रेंगाळू नका. पोर काही तुमची वाट बघत थांबायचं नाही." तो हसला आणि पामच्या बागेतून वाटेला लागला.

अर्ध्या वाटेत टॉर्चनं मान टाकली. पुढं काळोखात एक हिरवट ठिपका हलत होता. कुजक्या लाकडावर चमकते ना, ती बुरशी. कुणी शिकारी पाठीला लावून चाललाय असं समजून हा मागं मागं चालू लागला. बरं वाटलं त्याला, सोबत मिळाली.

मग त्याच्या मागंही पावलं आली. अनवाणी.

दुसऱ्या महायुद्धात गोऱ्या साहेबांनी इथलीच पोरं घेऊन पलटण उभी केली, हे तुम्हाला ठाऊक आहे. पायात काही नाही, कमरेला लुंगी, खांद्याला ओझ्याच्या पट्ट्या, हातात बंदूक. रात्री चुकामूक नको म्हणून पुढच्याच्या पाठीला बुरशी लावायची आणि मागच्यानं तिच्यावर नजर ठेवून चालायचं. होजावोचा आजा त्याच पलटणीत होता. नदीपलीकडं गेला तो आलाच नाही. त्याचंही नाव होजावो. आणि आपल्यात एका नावाची दोन माणसं म्हणजे एकच माणूस. एकाचं काम दुसऱ्याला चुकत नाही.

मागून हळूच हाक आली. "होजावो?"

नावाला ओ द्यायची सवय. हा म्हणाला, "आहे."

शब्द रांगेत पुढं पुढं गेला. आहे... आहे... आहे...

ठिपका वळला. नर्सबाईच्या गावाकडं नाही. नदीकडं.

त्यानं बाजूला व्हायचं म्हटलं. पाय ऐकेनात. बाजूला गवत नव्हतं. झाड नव्हतं. पुढं पाठ. मागं श्वास. ओरडावं तर आवाज फुटेना... पाणी ऐकू यायला लागलं.

घरी एडना...

"तो मी नव्हे," कसाबसा बोलला तो. "ते नाव माझं नाही."

असं आपल्यात कुणी बोलत नाही, पोरांनो. जीव गेला तरी.

रांग थांबली.

"मग होजावो कुठाय?" मागच्यानं विचारलं. रागानं नाही. फार दमलेल्या माणसानं विचारावं तसं.

सुटायच्या घाईत हा म्हणाला, "घरी आहे."

...

काळोख सैल झाला. पायाखाली वाट आली. पळत जाऊन त्यानं नर्सबाईला उठवलं, आणि दोघं घरी पोचली तेव्हा उजाडत होतं. पोरगा झाला होता. एडना सुखरूप. सासूनं तर रीतीप्रमाणं पणज्याचं नाव ठेवूनही टाकलेलं, होजावो.

नर्सबाईनं पोराला फडक्यातून उघडलं.

पोराच्या दोन्ही खांद्यांवर घट्टे होते. लांबवर ओझं वाहून पट्ट्यांनी पडतात, तसले.