गेटवरची कमळांची माळ

ही गोष्ट खरी आहे.

पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण आमच्या मेधाला खोटं बोलायची सवय नाही. आणि असलं खोटं बोलून तिला मिळणार तरी काय?

ऑगस्ट २०१३. शनिवार. सिंगापूरचं चोआ चू कांग, नववा मजला. आणि वेळ कुठली म्हणाल, तर दुपारी तीनची. टळटळीत ऊन होतं हो! असल्या गोष्टी रात्रीच घडतात, असं तुम्हाला कुणी सांगितलं?

पण त्या शनिवारच्या आधीचं सांगायला हवं. तेच ऐकून डोकं फिरतं.

मेधाचा नवरा निशिकांत. आंग मो किओच्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत मॅनेजर. माणूस सरळ, पण नको इतका सरळ. "मी कुणासाठी शब्द टाकत नाही, हे माझं तत्त्व आहे," हे वाक्य लग्नापासून ऐकून ऐकून मेधाला त्याचा वीट आला होता.

त्यानेच पुण्याहून चैत्रालीला बोलावलं. सव्वीस वर्षांची इंजिनीअर पोरगी. तिकडे पक्की नोकरी होती, यायला तयार नव्हती. निशिकांतने चार वेळा फोन केला.

"तू ये गं. मी आहे ना!"

आली बिचारी. पाच महिन्यांत प्रोजेक्टच बंद पडला. तिचा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे तिथला नोकरीचा परवाना, रद्द झाला. पुण्याची कंपनी म्हणाली, तुमची जागा भरली. तेलही गेलं, तूपही गेलं.

हातात उरले तीस दिवस. तेवढ्यात दुसरी नोकरी मिळाली तर राहायचं, नाहीतर परत जायचं. क्वीन्सटाउनची एक कंपनी तिला घ्यायला तयारही होती. त्यांना फक्त निशिकांतचं एक पत्र हवं होतं.

एक पत्र हो! चार ओळींचं!

"सर, तुम्ही आणलंत. तुम्हीच निभवा," चैत्राली म्हणाली.

"मला वाईट वाटतं," निशिकांत म्हणाला. "पण मी कुणासाठी शब्द टाकत नाही."

मेधा भांडली. अबोला धरला. शेवटी हात जोडले. सगळं पालथ्या घड्यावर पाणी!

मग चैत्रालीने वेगळंच आरंभलं. रोज अनवाणी मुरुगनच्या देवळात जायची. दिवसभर उपास. तिथून संध्याकाळी मेधाच्या घरी यायची, सोफ्याच्या कडेला बसायची आणि निशिकांत आला की एकच विचारायची.

"सर, पत्र?"

"नाही."

एवढं ऐकलं की उठून जायची.

"अगं, मुरुगन म्हणजे आपला कार्तिकस्वामी," मेधा एकदा न राहवून म्हणाली. "आपल्याकडे बायका एरवी त्याचं दर्शन घेत नाहीत. वाईट होतं म्हणतात."

"ताई, आता अजून काय वाईट व्हायचं राहिलंय?"



त्याच संध्याकाळी मेधाची लेक अवनी गोष्टीसाठी हटून बसली. नऊ वर्षांची पोर, मराठी समजायची, पण उत्तरं इंग्लिशमध्ये, तेही शेवटी सिंगापुरी 'लाह' लावून. तिथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात मुलांना पुराणातल्या गोष्टी सांगायचं काम मेधाकडे होतं. तिने सहज अंबेची काढली.

भीष्माने अंबेला भावाशी लग्न लावायला पळवून आणलं. तिचं मन शाल्वावर होतं, म्हणून मग तिला परत पाठवलं. शाल्व म्हणाला, आता नको. ती भीष्माकडे आली, तूच आणलंस, तूच निभव म्हणाली. त्याची प्रतिज्ञा आड आली. मग अंबेने घोर तप केलं. कार्तिकेयाने तिला कमळांची माळ दिली, कधीही न सुकणारी. जो ही माळ घालेल, त्याच्यामुळे भीष्म मरेल. पण भीष्माच्या धाकाने एकही राजा हात लावेना. वैतागून अंबेने ती द्रुपद राजाच्या दारावर टांगली आणि निघून गेली.

सांगता सांगता मेधाची जीभ अडखळली. आपण कुणासमोर काय सांगतोय, हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

सोफ्यावरून चैत्रालीने शांतपणे विचारलं, "पुढे कुणी घातली माळ, ताई?"

"द्रुपदाच्या मुलीने. लहान होती. खेळता खेळता घातली."

चैत्रालीने अवनीकडे बघितलं... खूप वेळ बघितलं.

तिसावा दिवस उजाडला. पत्र मिळालं नाही. चैत्राली पुण्याला परत गेली.

त्यानंतर आठ दिवसांनी तो शनिवार.

निशिकांत आत टीव्ही बघत होता. अवनी चित्र काढत होती. मेधा कणीक मळत होती.

दाराबाहेरच्या लोखंडी गेटची कडी वाजली.

एकदाच... हळूच.

मेधा हात पुसत दाराशी गेली. कुणी नाही. कॉरिडॉर या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा.

गेटवर माळ होती.

गुलाबी कमळांची. ताजी. पाणी ठिबकत होतं...

खाली फरशीवर ओली पावलं होती. अनवाणी. लिफ्टपासून थेट दारापर्यंत आलेली.

परत गेलेली नव्हती.

संध्याकाळी पुण्याहून चैत्रालीच्या वडिलांचा फोन आला. घरी पोचली ती तापानेच. उपासाने अंगात काही उरलंच नव्हतं.

"आज दुपारी गेली," ते म्हणाले. "साडेबारा वाजता."

पुण्याचे साडेबारा. म्हणजे सिंगापूरचे तीन.

मेधाने निशिकांतला गेटवरची माळ दाखवली.

"कुणीतरी चुकून आपल्या गेटवर अडकवली असेल," निशिकांत म्हणाला. "टाकून दे लिफ्टजवळच्या कचऱ्याच्या शूटमध्ये."

आता इथेच मेधाची चूक झाली. आजही ती स्वतःला बोल लावते. टाकली असती तर? पण मन होईना. देवाच्या दारातून आलेली माळ, म्हणजे निर्माल्य. कचऱ्यात कसं टाकायचं? निर्माल्य वाहत्या पाण्यातच सोडायचं, हे अंगात मुरलेलं. "उद्या चांगीला जाऊ, समुद्रात सोडू," ती म्हणाली. घरात घ्यायचा तर धीर नव्हता, म्हणून माळ गेटवरच राहिली.

रविवारी निशिकांतला ऑफिसचा कॉल आला. सोमवारी मीटिंग. मंगळवारी "उद्या बघू."

आणि माळ सुकेना.

तिथल्या दमट उन्हात मोगरा संध्याकाळपर्यंत काळा पडतो हो. ही कमळं सहाव्या दिवशीही तशीच. पाकळीवर पाणी तसंच...

"काहीतरी केमिकल मारत असतील," निशिकांत म्हणाला.

"अहो, निदान तिच्या वडिलांना फोन करा. माझं चुकलं, एवढं तरी म्हणा!"

"माझं काय चुकलं? मी नियमाने वागलो."

मेधाला वाटलं, भिंतीवर डोकं आपटावं. कुणाचं, ते तिने सांगितलं नाही.

सातव्या दिवशी दुपारी मेधा कपडे वाळत घालत होती.

गेटची कडी वाजली. एकदाच...

मग घर एकदम शांत. अवनीची बडबड थांबली.

मेधा धावत बाहेर आली.

अवनी हॉलच्या मधोमध उभी होती. गळ्यात माळ. माळ गुडघ्यापर्यंत लोंबत होती. समोर निशिकांत, हातात चहाचा कप.

जी पोर आयुष्यात कधी मराठीचं एक धड वाक्य बोलली नव्हती, ती स्वच्छ आवाजात म्हणाली,

"सर, तुम्ही आणलंत. तुम्हीच निभवा."

कप खाली पडला.

मेधाने झडप घालून माळ काढली. तिच्या हातात येताच फुलं काळी पडली. बघता बघता चुरा झाला. त्याच दिवशी टॅक्सी करून तिने तो चुरा समुद्रात सोडला. पण आता काय उपयोग?

अवनीला काहीच आठवत नव्हतं. "व्हॉट फ्लॉवर? आय डोन्ट नो लाह," म्हणाली आणि चित्र काढायला बसली.

पुढे त्यांनी घर बदललं. चार वर्षं सुखात गेली. मेधालाही वाटायला लागलं, झालं गेलं संपलं.

२०१७ मध्ये अवनी माध्यमिक शाळेत गेली. तिथे प्रत्येकाला एक खेळ निवडावा लागतो. नेटबॉल होता, बॅडमिंटन होतं, पोहणं होतं. घरात कुणी कधी धनुष्याला हात लावला नव्हता.

अवनीने तिरंदाजी घेतली.

तिरंदाजीचे सर म्हणतात, अशी मुलगी बघितली नाही. नेम चुकतच नाही.

मेधा तेव्हापासून रोज निशिकांतच्या मागे लागली आहे. "एक फोन करा. एकदा चुकलं म्हणा. तुमच्या पाया पडते." चैत्रालीचे वडील अजून आहेत. नंबर फ्रिजवर चिकटवलेला आहे.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही! "मी नियमाने वागलो," एवढंच.

परवा अवनी सरावावरून आली. धनुष्याची पिशवी भिंतीला टेकवली. बूट काढता काढता, मान वर न करता, स्वच्छ मराठीत विचारलं,

"पत्र?"

निशिकांतच्या तोंडचं पाणी पळालं. "काय... काय म्हणालीस?"

"हं? आय नेव्हर से एनीथिंग, लाह." अवनी हसली आणि पिशवी उचलून खोलीत गेली.

मेधाने फ्रिजवरचा कागद काढून फोनसकट नवऱ्यासमोर ठेवला.

निशिकांतने तो बाजूला सारला.

आत खोलीत अवनी बाण मोजत होती.

मराठीत.