हवा ओढणारी नळी

बावीस वर्षे कारखान्यात सुट्या भागांची मापे तपासणाऱ्या माणसाला एक रबरी नळी मिळू नये, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखीच होती. सहकारी त्याला दशांश म्हणत. केसभर फरकावरून अख्खा माल परत धाडताना त्याची पापणीही लवत नसे. या नळीपायी मात्र पंधरा दिवसांत त्याने तीन दुकाने पालथी घातली होती.

गाडी धाकट्या भावाची. जुन्या इंजिनावर जादा हवा कोंबणारा टर्बो बसवून ती नव्याने उभी करण्याचा ध्यास धाकट्याने सहा वर्षे घेतला. सातव्या वर्षी त्याच्या फुप्फुसांनी हात टेकले. आता तो गॅरेजला लागून असलेल्या खोलीत, उघड्या दाराशी आरामखुर्चीत बसून सूचना देई. उरली होती ती फक्त फिल्टरपासून टर्बोच्या तोंडापर्यंत हवा नेणारी वाकडी नळी. डॉक्टरांनी दिवस सांगितले नव्हते. पण न सांगितलेले आकडेही दशांशला वाचता येत.

"दादा, एकदा गाडीच्या टर्बोची शीळ ऐकव. मग तू सुटलास आणि तुझं ते मापाचं व्हर्निअरही सुटलं," धाकटा म्हणे.

पहिली नळी व्यासाला आणि बाकाला तंतोतंत होती. दशांशने क्लिपा आवळून इंजिन सुरू केले. शीळ उमटली, धाकट्याने डोळे मिटले. वेग वाढवताच नळी मधोमध चपटी झाली आणि इंजिन गुदमरले. मागे खुर्ची करकरली. धाकट्याचे तोंड उघडे होते, पण हवा आत जात नव्हती. दशांशने किल्ली फिरवून इंजिन बंद केले. नळी फुलली; धाकट्याची छातीही.

"धुरानं झालं असेल," दशांशची बायको म्हणाली.

धूर पाइपाने अंगणापार सोडलेला होता. एरवी दशांशने या मुद्द्यावर तासभर वाद घातला असता.

नळी परत नेली तेव्हा दुकानदाराने ती हातात घेतली आणि तो हसला. "दशांशसाहेब, ही दाबाची नळी. टर्बोच्या पुढची. तुमच्या जागी हवा ढकलली जात नाही, ओढली जाते. फुटण्याची धास्ती सगळ्यांनाच असते हो. चपटं होण्याची कुणालाच नसते."

"मग आधी का नाही बोललात?"

"तुम्ही विचारलंत कुठे? माप घेऊन आलात, मी माप दिलं."

भागावर जोर कोणत्या बाजूने येतो हे पाहणे कारखान्यात नेहमी दुसऱ्या खात्याचे काम होते.

दुसऱ्या नळीत तारेचे वेटोळे होते. ती बसवून दशांशने शेवटची क्लिप आवळली. इंजिन थंड होते आणि किल्ली त्याच्या खिशात होती. त्याच्या डोळ्यांदेखत नळीच्या कडा एकमेकींकडे सरकल्या. आतली तार कुरकुरत वाकली.

"अहो, धावा! भावोजींना बघा!" खोलीतून बायको ओरडली.

तो धावला नाही. त्याने नळी उपसून काढली. खोलीतून लांबलचक, घरघरता श्वास ऐकू आला. योगायोग दोनदा घडू शकतो, असे त्याने स्वतःला बजावले. तिसऱ्यांदा पडताळून पाहण्याची त्याची छाती झाली नाही.

पण टर्बोचे तोंड उघडे राहिले, तसा धाकट्याला खोकला जडला. रुमालावर बारीक, चरचरीत धूळ येई. दशांशने ती बोटांत चोळून पाहिली. गॅरेजच्या फरशीवरची होती. टर्बोच्या तोंडात चिंधी कोंबावी, तर चिंधी कोंबल्यावर काय होईल, हे त्याला ठाऊक होते.

तिसरी नळी दुकानदाराने खास मागवून दिली. आत पोलादी तार, वर जाड रबर. दशांशने ती बसवली. नळी चपटी झाली नाही. खोलीतला खोकला थांबला.

तीन दिवस धाकटा पोटभर जेवला. "माप घेण्यातच म्हातारा होणार हा," असे तो वहिनीला सांगे. "दादा, चालू कर की आता!"

"उद्या," दशांश म्हणे. इंजिन फिरले तर ते किती हवा ओढेल, याचा हिशेब त्याला मांडवत नव्हता.

कारण बंद गाडीतही ती नळी हलत होती. डोळ्याला दिसत नसे. म्हणून त्याने तिला केसभर हालचालही काट्याने दाखवणारी मापाची डायल लावली. काटा पुढे जाई, मागे येई. मिनिटाला अठरा वेळा. दारातून त्याने धाकट्याचे श्वास मोजले.

अठरा.

चौथ्या दिवशी दुपारी धाकटा खुर्चीतच गेला. डॉक्टरांनी दोनदा तपासले आणि मान हलवली. बायको हुंदके देत होती. दशांश गॅरेजमध्ये आला.

काटा हलत होता.

त्याने घड्याळ लावून मोजले, पुन्हा मोजले. मग पेचकस घेतला. भावाला मोकळे करायचे होते. दुसरे काही करण्यासारखे उरलेच नव्हते. त्याने पाते क्लिपच्या स्क्रूला टेकवले.

काटा भराभर हलू लागला. चोवीस. एकतीस. चाळीस.

त्याने हात मागे घेतला. काटा थांबेना.

"नाही काढत रे," तो हळूच म्हणाला.

बऱ्याच वेळाने काटा अठरावर आला.