चांदीही नव्हे, पितळही नव्हे

धारच्या लाट मशिदीपाशी जुना लोखंडी खांब तुकडे होऊन पडलेला होता. माघातल्या एका सकाळी विद्युल्लता आत्याबरोबर देवळातून परतत होती, तेव्हा एक परका तरुण त्या खांबापाशी उकिडवा बसून दोऱ्याला बांधलेला लोहचुंबक त्यावरून फिरवत होता. इतका तल्लीन, की पगडी एका कानावर कलली होती.

विद्युल्लतेला राहवलं नाही.

"लोखंडाचाच आहे तो खांब."

"खात्री करून घेत होतो."

"इतक्या पिढ्या गेल्या… कुणाला शंका आली नव्हती!"

तो हसला आणि घाईने उभा राहिला. "देवासहून आलोय. कृष्णराव मास्तरांचं घर शोधतोय."

"ते चुंबकानं नाही सापडायचं."

"विदू!" यमुनाआत्याने तिचा दंड धरला. "परक्या माणसाशी काय ही बडबड? चला हो तुम्ही आमच्या मागून. मास्तर माझे भाऊच लागतात."

सारी वाट तो चार पावलं मागे राहून चालला. विद्युल्लतेने एकदाही वळून पाहिलं नाही… पण त्याची पावलं तिला ऐकू येत होती.

त्याचं नाव भगवंत मोघे. पुण्याला थोडं रसायन शिकून तो देवासला जामदारखान्यात, म्हणजे दरबारच्या मौल्यवान चिजांच्या कोठारात, नोकरीला लागला होता. टोंकखुर्दकडे शेत नांगरताना एक काळा, भलताच जड गोळा निघाला होता. करवतीने कापला तर आत लोखंड, आणि लोखंडात पांढऱ्याशुभ्र, चकाकत्या चकत्या. दरबारात एकच गवगवा झाला, चांदी आहे! तेव्हा परीक्षेसाठी गोळ्याचा अर्धा भाग देऊन भगवंतला धारला पाठवलं. शाळेत रसायन शिकवणाऱ्या कृष्णरावांचा शब्द माळव्यात प्रमाण मानत.

पण कृष्णरावांना आता नीट दिसत नव्हतं. आकार कळत, रंग कळत नसत. शाळेत समजलं असतं तर नोकरी गेली असती, म्हणून घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं. वडिलांच्या मेजाशी विद्युल्लता भांडी विसळायला म्हणून उभी राही आणि सहज बोलल्यासारखी सांगे, "अण्णा, ही पिवळी नळी धुऊ का?" की कृष्णराव ओळखत, रंग पिवळा आला. आईविना वाढलेल्या त्या मुलीचं सोळावं उलटलं तरी लग्न झालं नव्हतं. गाव बोले, पण बापाचे डोळे घेऊन जायचं तरी कसं?

परीक्षा सुरू झाली. कृष्णराव सांगत, भगवंत करी. चकतीचा कण हातोडीने ठोकला, तर चपटा न होता तडकून फुटला.

"चांदी अशी फुटत नाही," कृष्णराव म्हणाले. "पातळ तेजाबात टाका."

त्या आम्लात लोखंड विरघळून गेलं, कण मात्र तळाशी तसेच राहिले. चुंबक जवळ नेला, तर झेपावून चिकटले.

"ह्यांना ओढ फार," भगवंत हळूच म्हणाला. तो कणांकडे पाहत नव्हता.

"कण कुठायत, तुम्ही बघताय कुठं?" विद्युल्लता तितक्याच हळू म्हणाली आणि नळ्या उचलून आत गेली. आत जाऊन मात्र कितीतरी वेळ एकच नळी धूत राहिली.

पुढे कडक तेजाबात कण विरघळवले, फॉस्फरस ओळखायचं औषध घातलं. विद्युल्लता बोलण्याच्या बेतात होती, एवढ्यात भगवंतच म्हणाला, "मास्तर, पिवळा साका बसला हो. हळदीसारखा." मग दुसऱ्या नळीबद्दल, "लोखंड गाळून काढलं, खाली पाणी निळं उतरलंय. निकलच."

तिने चमकून पाहिलं. कुणी न विचारता त्याला सांगायची काय गरज होती? त्याने नजर खाली घातली. अण्णांच्या डोळ्यांचं त्याला कळलं होतं… आणि तो गप्प राहिला होता. त्या दिवसापासून तो प्रत्येक रंग मोठ्याने बोले, जणू त्याची सवयच आहे.

"ही चांदी नव्हे," कृष्णरावांनी निर्णय दिला. "लोखंड, निकल आणि फॉस्फरस यांचा संयोग. फॉस्फाइड. श्रायबरसाइट म्हणतात. आभाळातून पडलेल्या लोखंडातच बहुधा भेटतो हा. भारी दुर्मीळ."

निकाल ऐकायला देवासहून भगवंतचे वरिष्ठ संताजीराव आले, बरोबर दोन शिपाई. उरलेला तुकडा तेजाबाच्या बाटल्यांशेजारी कपाटात ठेवला होता. भगवंतने फडकं सोडलं, आणि साऱ्या चकत्या पिवळ्या दिसल्या.

"वा भिया!" संताजीराव कडाडले. "चांदी काढली नि पितळ ठोकलं?"

"साहेब, ही चांदी कधी नव्हतीच…"

"मी ह्या डोळ्यांनी पांढरी पाहिली होती! मास्तर, तुम्हीच बघून सांगा. हे पितळ आहे का नाही?"

कृष्णरावांनी तुकडा हातात घेतला. बोटं फिरवली. विद्युल्लता दाराआड उभी होती. काय झालं हे भगवंतला ठाऊक असणार, तो सांगेल. पण मग संताजीराव मास्तरांनाच पुन्हापुन्हा रंग विचारणार…

भगवंतनेही ते ओळखलं. तो पुढे झाला. "मास्तरांना मध्ये घेऊ नका. जे काय असेल ते माझ्यावर. चला, मी येतो."

शिपायाने त्याचा हात धरला.

"थांबा," कृष्णराव म्हणाले. "विदू, बाहेर ये."

"अण्णा, नको…"

"ये, बाळ. संताजीराव, मला रंग दिसत नाहीत. गेली कित्येक वर्षं मी हिच्या डोळ्यांनी बघतोय. काय दिसतं ते ही सांगेल."

विद्युल्लता बाहेर आली. तिने मेजावरची सुई उचलली आणि पिवळ्या चकतीवर ओरखडा काढला. आत लख्ख पांढरं.

"तेजाबाच्या वाफेनं वरून डागाळून पिवळं झालंय एवढंच. आणि हा चुंबक धरा. पितळ चिकटतं का बघा… चांदी चिकटते का?"

संताजीरावांनी आपल्या बोटातली चांदीची अंगठी चुंबकाला लावून पाहिली, मग चकतीचा कण. बराच वेळ लावून पाहिलं. शेवटी शिपायाला म्हणाले, "छोड दे."

भगवंत सुटला. कृष्णरावांची नोकरी मात्र गेली. बातमी गावभर व्हायला संध्याकाळही लागली नाही.

अफूची शेतं पांढऱ्या फुलांनी भरली तेव्हा भगवंत परत आला. ओटीवर बसून त्याने सरळ विद्युल्लतेला मागणी घातली. "मास्तर, तुम्हीही देवासला चला."

"लेकीच्या घरी?" कृष्णराव खिन्न हसले. "रीतीप्रमाणं नातवाचं तोंड पाहीपर्यंत तिथं पाणीही घ्यायचं नाही मला. तिला घेऊन जा. मी राहीन इथं."

आतून बांगड्या वाजल्या. "मी नाही जायची."

भगवंत दाराकडे वळला. "आणि मी इथं राहिलो तर? जामदारखान्याचा राजीनामा दिलाय. इथल्या शाळेनं मास्तरांची जागा देऊ केली होती, ती नाकारून आलो. इथं जवळच तिरल्याला लहान मुलांची शाळा आहे, तिथं शिकवीन."

"घरजावई म्हणतील लोक!" यमुनाआत्याने तोंडाला पदर लावला. "जन्मभर टोमणे मारतील!"

"म्हणू देत, आत्याबाई. चोर म्हणवून घ्यायला तयार झालो होतो… त्याहून हे कितीतरी बरं."

कृष्णरावांनी हात पुढे केला. हवेत चाचपडला. भगवंतने तो धरला.

"विदू," ते म्हणाले, "ह्याचा चेहरा कसा दिसतोय गं आत्ता?"

विद्युल्लता उंबऱ्यात आली. पहिल्यांदाच तिने त्याच्याकडे सरळ, डोळे न चुकवता पाहिलं.

"लाल झालाय, अण्णा," ती म्हणाली. "कानापर्यंत."