एग म्हणजे कुत्रा!

"मी कुत्रा खाणार नाही!" लिंबूनं ताटली लांब ढकलली.

"अरे, हे उकडलेलं अंडं आहे!" ठिणगी वैतागून म्हणाली.

"तूच म्हणालीस, एग खा. एग म्हणजे कुत्रा! आत्याची पाटी तसंच सांगते!"

राग कायम नाकावर, म्हणून घरात तिला सगळे ठिणगी म्हणत. लिंबू तिचा पाच वर्षांचा भाऊ. सुट्टीसाठी दोघं आत्याकडे आली होती. घरामागेच आत्याचा छोटासा कारखाना होता आणि तिथं बोलक्या पाट्या बनत. पाटीवर दहा बटणं आणि प्रत्येकाखाली हाताला लागेल असा उठावदार आकार. बटण दाबलं की आत्याच्या आवाजात इंग्रजी शब्द आणि त्याचा अर्थ ऐकू यायचा. या वेळचे सगळे शब्द जी अक्षरानं संपणारे होते. बॅगपासून सुरुवात आणि विग शेवटी. दृष्टिहीन मुलांच्या शाळेसाठी त्या पाट्या आजच दुपारी निघणार होत्या.

त्यातली एक पाटी आत्यानं लिंबूला खेळायला दिली होती. ठिणगीनं ती ओढून घेतली आणि बटण दाबलं.

"एग. कुत्रा!" आत्या गोड आवाजात म्हणाली.

"फॉग. अंडं! हग. धुकं! लेग. मिठी!"

"बाप रे!" आत्याचा मुलगा गोगल ओरडला. नाकापेक्षा मोठा चष्मा असल्यामुळे त्याला हे नाव पडलं होतं. "'हग' करायला सांगितलं तर ती मुलं धुकं शोधत बसतील!"

तिघं धावत कारखान्यात गेली. आत्या फोनवर होती. तिनं हातानंच 'नंतर' अशी खूण केली. ते 'नंतर' काही येईचना! शेवटी ठिणगीनं ओकेकाकांना गाठलं. पाट्यांमध्ये आवाज भरणं आणि त्या तपासणं हे त्यांचं काम. दिसेल त्यावर 'ओके'चा शिक्का मारत, म्हणून मुलं त्यांना ओकेकाका म्हणत.

"काका, पाटी चुकीचं बोलतेय!"

"लिंबूची ना? काल बादलीत बुडवली होती त्यानं. बिघडली असेल."

"पण नव्या पाट्या तर तपासा!"

काकांनी हातातल्या नव्या पाटीचं पहिलं बटण दाबलं. "बॅग. पिशवी!" मग शेवटचं. "विग. केसांचा टोप!" धप्प! शिक्का बसला. "झालं समाधान?"

"मधली बटणं दाबा ना!"

"टोकं बरोबर म्हणजे मधलंही बरोबर. पळा आता! आणि पॅक केलेल्या मालाला हात लावायचा नाही, सांगून ठेवतो!"

ठिणगीच्या अंगाचा तिळपापड झाला. "एक बटण! एक बटण दाबायला यांचं काय जातं?" बाहेर येऊन तिनं रिकाम्या खोक्याला लाथ हाणली. लागलं तिलाच. मग तर ती आणखीच चिडली.

गोगल मात्र लिंबूच्या पाटीवर वाकला होता. "गंमत बघ. बग म्हणजे किडा, हे बरोबर. पण पुढं डॉगलाही किडाच! तिथून प्रत्येक अर्थ एकेक घर पुढं सरकलाय. पिगला पाय म्हणते आणि रगला गालिचा, म्हणजे गाडी परत रुळावर. डुक्कर मात्र कुठंच नाही!"

"म्हणजे पाण्यानं बिघडलेली नाही! आवाज भरतानाच घोळ झालाय!"

इतक्यात फाटकातून ट्रक आत आला. ड्रायव्हरशेजारून पांढरी काठी घेतलेल्या एक बाई उतरल्या. शाळेच्या बाई स्वतः पाट्या न्यायला आल्या होत्या!

"लिंबू, तुला भोकाड पसरता येतं ना?" ठिणगीनं कुजबुजत विचारलं.

लिंबूनं क्षणात कारखाना डोक्यावर घेतला! "आई गं! माझा पाय!" ओकेकाका पॅकिंगची खोली सोडून धावले. ठिणगीनं आत घुसून खोक्यातली एक नवीकोरी पाटी उचलली. गोगल ऑफिसात तयारच होता. कामगारांना हाक मारायचा माईक त्यानं चालू केला आणि ठिणगीनं बटणं दाबायला सुरुवात केली.

"डॉग. किडा!" अंगणभर आवाज घुमला. "एग. कुत्रा! पिग. पाय!"

ट्रकचा ड्रायव्हर पोट धरून हसायला लागला. आत्याच्या हातातला फोन खालीच आला. ओकेकाका धापा टाकत ऑफिसात पोचले. "बंद करा! ही लिंबूचीच पाटी!"

"तुमचा शिक्का आहे हिच्यावर!" ठिणगीनं पाटी त्यांच्या नाकासमोर धरली. "सकाळपासून सांगतेय! कुणी ऐकेल तर शपथ!"

गोगलनं सरकलेल्या अर्थांचा घोळ सांगितला आणि आत्याकडे वळला. "आई, आवाज भरताना तू 'किडा' दोनदा म्हणालीस का?"

"हो की! खोकला आला म्हणून परत म्हटलं..."

ओकेकाकांचा चेहरा उतरला. "अर्थ अकरा भरले होते. एक जास्तीचा म्हणून मी न ऐकताच मधला कुठलातरी पुसला. नेमकं डुक्कर गेलं वाटतं."

बाई काठी टेकवत जवळ आल्या. "आमच्या मुलांना तुमचा आवाज हाच आधार आहे हो. कानावर पडेल तेच त्यांच्यासाठी खरं. या मुलांनी आज त्यांना फसण्यापासून वाचवलंय. शाबास रे पोरांनो!"

आत्यानं ठिणगीला जवळ घेतलं. "चुकलं माझं. तेव्हाच ऐकायला हवं होतं."

"हवंच होतं!" ठिणगी अजून धुमसतच होती.

ट्रक रिकामा परत गेला. बाई मात्र थांबल्या. अर्थ पुन्हा जागच्या जागी बसवून झाले. प्रश्न उरला तो पुसल्या गेलेल्या शब्दाचा. आत्या माईककडे निघाली, तशी बाईंनी तिला थांबवलं. "हा शब्द त्या चिडक्या मुलीला म्हणू द्या. हार न मानणारा आवाज आहे तिचा."

"एवढ्या शब्दांतून माझ्या वाट्याला हाच?" ठिणगी किंचाळली. गोगल खो खो हसत सुटला, तेव्हा तर तिचा पारा पुरता चढला. माईक पकडून, दिवसभराचा सगळा संताप एकवटून ती त्याच्याकडे बघत ओरडली, "डुक्कर!"

बाईंनी टाळी वाजवली. "हेच ठेवा! अगदी अस्संच!"